रन म्हणजे पळणे, आणि आणखी ६४४

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात. बोलण्यातले ‘अं’, ‘ते हे’ आणि मध्येच आलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा, आणि जेवत असाल तर आधी जेवून घ्या, मी कुठे पळून जात नाहीये.

पळून जाणं यावरूनच आजचा विषय आहे. गेल्या आठवड्यात एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी माध्यमातून शिकलेली. म्हणाली, “दादा, मी एका अ‍ॅपवर रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करते. दीडशे दिवस झाले, एक दिवस चुकवला नाही. पण सिनेमा बघताना किंवा कुणाचा मेल वाचताना शब्द सगळे ओळखीचे असतात आणि वाक्याचा अर्थच लागत नाही. मी मठ्ठ आहे का?”

नाही गं बाई, मठ्ठ नाहीस. तुझा प्रश्न ऐकला आणि मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. ती मी आजवर एकाच माणसाला सांगितलीय. आज सगळ्यांना सांगतो.

माझी पहिली नोकरी. पुण्यात, छोटीशी कंपनी, पंधरा-सोळा लोक. आमच्याकडे शाळांचं काम असायचं. पालकांना एसएमएस जायचे, उद्या सुट्टी आहे, फी भरायची राहिली आहे, वगैरे. मी लागून दोन महिने झाले होते. एका शाळेसाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे छोटा प्रोग्रॅम. ज्यांची फी बाकी आहे त्यांनाच मेसेज गेला पाहिजे, असं काम. लिहून झाली, मी आमच्या सीनियर मॅडमना चॅटवर कळवलं. मॅडम कुठल्यातरी मीटिंगमध्ये होत्या. त्यांचं उत्तर आलं. इंग्रजीत, कारण ऑफिसमध्ये आम्ही सगळे मराठी असूनही चॅट इंग्रजीतच करायचो. उत्तर होतं, ‘रन इट बाय मी फर्स्ट.’

पाच शब्द. पाचही मला पहिली-दुसरीपासून माहीत. रन म्हणजे पळणे, पण कॉम्प्युटरमध्ये रन म्हणजे प्रोग्रॅम चालवणे, हेही मला येत होतं, इंजिनियर होतो मी! इट म्हणजे ते. बाय म्हणजे? शाळेत कर्मणी प्रयोग शिकवताना बाईंनी घोकून घेतलं होतं, ‘द रॅट वॉज किल्ड बाय द कॅट’, मांजराकडून उंदीर मारला गेला. बाय म्हणजे कडून. बाय मी म्हणजे माझ्याकडून, माझ्यातर्फे. फर्स्ट म्हणजे आधी. झालं की! ‘माझ्यातर्फे ते आधी चालवून टाक.’ मी मनात म्हटलं, मॅडमचा किती विश्वास आहे आपल्यावर.

चालवली.

संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. पाच मिनिटांत शाळेचा फोन आला. स्क्रिप्टमध्ये एक चूक राहिली होती, आणि ज्यांनी फी भरलीय त्यांनाही ‘आपली फी थकीत आहे’ असा मेसेज गेला होता. सगळ्या शाळेला. ज्यांनी उसने पैसे काढून वेळेवर फी भरली असेल त्यांना तो मेसेज वाचून काय वाटलं असेल, हे मला त्या वेळी सुचलं नाही, नंतर रात्री सुचलं.

आता खरी गोष्ट पुढे आहे. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, तुला आधी दाखवायला सांगितलं होतं ना, मग का चालवलीस? त्या क्षणी मला कळलं की ‘रन इट बाय मी’ म्हणजे ‘आधी मला दाखव’. आणि मी काय उत्तर दिलं माहितीये? “सॉरी सर, चुकून क्लिक झालं.”

खोटं बोललो. माझ्या डोक्यात अर्ध्या सेकंदात हिशोब झाला, की निष्काळजी ठरणं परवडेल, पण इंग्रजी वाक्य कळलं नाही हे कबूल करणं परवडणार नाही. प्रोबेशन तीन महिने वाढलं. मी ते गुपचूप सोसलं.

त्या रात्री खोलीवर येऊन मी डिक्शनरीत ‘रन’ शोधला. मोबाईलवर. अंगठ्याने वर सरकवतोय, सरकवतोय, संपतच नाही. तेव्हा मला राग आला होता. नंतर कुतूहल वाटायला लागलं. मग हळूहळू कळलं की या शब्दापुढे मी एकटाच नाही, ऑक्सफर्डचे कोशकारही दमलेत.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी तुम्ही ऐकली असेल. म्हणजे खिशातली नाही, ती वीस खंडांची मोठी. तिची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली. त्यात सगळ्यात लांबलचक नोंद होती ‘सेट’ या क्रियापदाची. ४३० अर्थ, आणि ती एक नोंद साधारण ६०,००० शब्दांची! एवढ्यात एक कादंबरी होते. पण पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं, जुन्या नोंदी नव्याने तपासायला घेतल्या, आणि पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांच्या वाट्याला ‘रन’ आला. नुसती ती नोंद करायला त्यांना नऊ महिन्यांहून जास्त वेळ लागला. पूर्वतयारी वेगळीच. २०११ साली हे जाहीर झालं, की ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ निघालेत. ‘सेट’ची गादी गेली.

आता ६४५ म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, संपलं, आपल्याला कधीच इंग्रजी येणार नाही. थांबा. ते ६४५ म्हणजे कोशकाराने अगदी बारीक चाळणीने चाळून वेगळे केलेले दाणे आहेत. तुम्हाला-मला एवढी बारीक चाळणी लागत नाही. मला विचाराल तर रोजच्या वापरातला बहुतेक ‘रन’ मराठीतल्या तीन शब्दांत मावतो: धावणे, वाहणे आणि चालणे. आमच्या शाळेने त्यातला एकच दिला होता.

धावणे तर आलंच. कुत्रा मागे लागला की आपण जे करतो ते. क्रिकेटमधली रन तीच, बावीस यार्डांच्या खेळपट्टीवर इकडून तिकडे धावलात की एक. गंमत म्हणजे चौकार मारला की एक पाऊलही न धावता चार धावा मिळतात. म्हणजे शब्द एकदा कामाला लागला की मूळ काम सोडूनही पगार घेतो.

वाहणे हा अर्थ मात्र आपल्याला कुणी शिकवत नाही, आणि तो फार जुना आहे. या कुळातल्या शब्दांत पाण्याचं वाहणं सुरुवातीपासून आहे. जर्मन भाषेत याच कुळातला ‘रिनन’ हा शब्द आजही पाणी झिरपण्या-वाहण्यासाठी वापरतात. म्हणून इंग्रजीत नदी रन होते, नळ रन होतो, सर्दी झाली की नाक रन होतं. आपण म्हणतो नाक वाहतंय, किंवा सरळ नाक गळतंय. नवीन लाल कुर्ता पांढऱ्या शर्टाबरोबर धुतला आणि शर्ट गुलाबी झाला, तर इंग्रजीत रंग ‘रन’ झाला. आपल्याकडे रंग ‘गेला’. एखादा आजार किंवा गाण्याचा गळा घराण्यात असतो, तर तो इंग्रजीत घराण्यात ‘रन’ होतो. तिथे पळणं घातलंत तर काहीच हाती लागत नाही, वाहणं घाला, लगेच कळेल. आपणही रक्तातच आहे म्हणतो ना!

जाता जाता एक गोष्ट सांगतो, मला फार आवडते म्हणून. संस्कृतात ‘री’ असा एक धातू आहे, त्याचा अर्थ वाहणे, आणि त्यावरून ‘रीति’ शब्द आला. आधी प्रवाह, मग मार्ग, मग पद्धत. आपली ‘रीत’ ती हीच. काही व्युत्पत्तिकार इंग्रजी ‘रन’लाही याच मुळाशी नेऊन जोडतात. सगळ्यांना ते मान्य नाही, तेव्हा लग्नाच्या पत्रिकेत छापू नका, पण दूरचं नातं निघण्याची शक्यता आहे एवढं धरून चला.

आता तिसरा, चालणे. इथे खरी मजा आहे. इंग्रजांकडे ज्या वस्तू पळतात, त्या आपल्याकडे चालतात! त्यांचं घड्याळ रन होतं, आपलं चालतं. त्यांचं इंजिन रन होतं, आपलं चालू असतं. दुकान ते रन करतात, आपण चालवतो. नाटक, सिनेमा त्यांच्याकडे इतके आठवडे ‘रन’ होतो, आपल्याकडे ‘चालला रे पिक्चर, चांगला चालला’. घर चालवणं, संस्था चालवणं, देश चालवणं, सगळं चालणं. वेगात फरक असेल, पण काम एकच.

हा अर्थ एवढा का फोफावला? यंत्रं आली म्हणून. गिरण्या आल्या, रेल्वे आली, मोटारी आल्या, प्रत्येक नवीन यंत्र जे करत होतं त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि इंग्रजांनी घरातला जुनाच शब्द लावला. मग कॉम्प्युटर आला, प्रोग्रॅमही रन व्हायला लागला. माझी ती स्क्रिप्टसुद्धा त्याच रांगेतली शेवटची.

निवडणुकीचं सांगतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, पळतो. ब्रिटनमध्ये तोच माणूस ‘स्टँड’ करतो, उभा राहतो. आपल्याकडे? “यंदा वॉर्डातून कोण उभं राहिलंय?” आपणही उभेच राहतो. आणि हरला की ‘पडला’ म्हणतो. तार्किकदृष्ट्या आपलं बरोबर आहे, उभा राहील तोच पडेल. अमेरिकेतला पळणारा ठेचकाळला तरच पडायचा.

पण तीन मराठी शब्दांत सगळंच मावतं असं नाही. ‘रन’च्या शेपटीला एक छोटा शब्द जोडला की तो वेगळाच प्राणी होतो. रन आऊट क्रिकेटमध्ये धावचीत. पण ‘वी हॅव रन आऊट ऑफ मिल्क’ म्हणजे दूध धावचीत झालं नाही, दूध संपलं. रन इन्टू म्हणजे एखाद्याची अचानक गाठ पडणं, आणि तेच गाडीच्या बाबतीत धडकणं. रन ओव्हर म्हणजे गाडीखाली चिरडणं, आणि मीटिंगच्या बाबतीत ठरल्या वेळेपेक्षा लांबणं. म्हणून ‘रन’ कळायचा असेल तर मी आधी बघतो की रन कोण होतंय, माणूस, पाणी, की यंत्र. आणि मग बघतो की शेपूट कुठलं आहे. शेपटीकडे मी त्या दिवशी बघितलं, पण शाळेच्या चष्म्यातून बघितलं. ‘बाय’चा आणखी एक अर्थ जवळून, बाजूने असा आहे. ‘रन इट बाय मी’, म्हणजे ते एकदा माझ्यासमोरून जाऊ दे. मराठीत आपण काय म्हणतो? “एकदा माझ्या नजरेखालून घाल.” आता हे वाक्य तुम्ही मराठी शिकणाऱ्या माणसाला सांगा. तो कागद उचलून तुमच्या हनुवटीखाली धरेल.

आणि हे मी उगाच बोलत नाहीये. आमच्या ऑफिसात तामिळनाडूतून आलेला एक मित्र होता. मराठी शिकायची त्याला भारी हौस, माझ्यापेक्षा जास्त मेहनत करायचा. वहीत शब्द लिहायचा. एकदा आम्ही सगळे महाबळेश्वरला निघालो. वाई सोडली, पसरणीचा घाट सुरू झाला, आणि मागच्या सीटवरची एक मुलगी चेहरा पांढराफटक करून म्हणाली, “थांबा जरा, मला गाडी लागते.” हा आमचा गडी मागे वळून शांतपणे म्हणाला, “पण आपण गाडीतच आहोत.”

गाडीतले सगळे हसले, मीही हसलो. तो हसला नाही. त्याने वही काढली आणि मला दाखवली. त्यात लिहिलं होतं, लागणे म्हणजे हवे असणे. मला पैसे लागतात, मला पेन लागतो, मला गाडी लागते. बरोबरच होतं की त्याचं! मग मी त्याला समजवायला बसलो, आणि मंडळी, माझी बोबडी वळली.

तुम्हीच बघा ना. पहाटे कुठे जरा डोळा लागलेला असतो, तेवढ्यात आई हाक मारायला लागते. उठावं लागतं. चहा जरा जास्तच गोड लागतो. स्टँडवर जायला वीस मिनिटं लागतात, वाटेत मारुतीचं देऊळ लागतं, तिथेच नेमकी ठेच लागते. गाडी फलाटाला लागलेली असते. मित्राला फोन लावावा तर लागत नाही. आज निकाल लागणार म्हणून जेवलेलो नसतो, भूक लागलेली असते. शेजारी एक काका येऊन बसतात, त्यांच्या मुलाला बँकेत नोकरी लागलीय. काका आपले कुणी लागत नाहीत, तरी तासभर बोलतात. मग पाऊस लागतो. मग घाट लागतो. मग गाडी लागते. आणि वाट लागते.

यातला एक तरी अर्थ तुम्ही पाठ केला होता? भूक लागली आणि आग लागली यात तुमचा कधी गोंधळ झाला? मित्राला मी शेवटी एवढंच सांगू शकलो, की संस्कृतातला लग् धातू आहे, चिकटणे, जोडलं जाणे, त्याच्यावरूनच लग्न. भूक येऊन चिकटते, नोकरी जोडली जाते, दगड पायाला भिडतो, काका नात्याने जोडलेले नसतात. त्याने विचारलं, “आणि वाट लागते म्हणजे?” मी म्हटलं, ते राहू दे, ते अनुभवाने येतं.

एक योगायोग सांगतो. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मराठी-इंग्रजी शब्दकोश केला होता. पहिली आवृत्ती १८३१ची, आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली १८५७ साली. त्याच १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे इंग्रजी शब्दकोशांमध्ये किती उणिवा आहेत यावर निबंध वाचला गेला, आणि त्यातून पुढे ऑक्सफर्डच्या कोशाचं काम उभं राहिलं. त्याची पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं. म्हणजे इंग्रजांच्या भाषेचा तो महाकोश नुसता मनात येत होता, तेव्हा आपल्या मराठीचा साठ हजारांच्या घरातले शब्द असलेला कोश छापून तयार होता, आणि तोही एका इंग्रजाने, मराठी शास्त्र्यांना हाताशी धरून केलेला. त्याला ‘लागणे’ने किती छळलं असेल, याचा मी अधूनमधून विचार करतो. तेव्हा मला जरा बरं वाटतं.

तर त्या श्रोतीला माझं म्हणणं असं. रोज दहा शब्द पाठ करतेस ते बंद कर असं मी म्हणणार नाही, दीडशे दिवसांची साखळी तोडायला सांगून मी पाप कशाला घेऊ. पण जे छोटे शब्द तुला येतात असं वाटतं, रन, सेट, गेट, टेक, पुट, त्यांच्यावर जास्त संशय घे. अवघड शब्द प्रामाणिक असतो, तो येत नाही हे लगेच कळतं. हे छोटे शब्द ओळखीचे चेहरे घेऊन येतात आणि फसवतात. पाठ करायचाच असेल तर शब्द नको, अख्खं वाक्य कर, शेपटासकट. आणि वाक्य मराठीत आणताना शब्दाला शब्द ठेवू नकोस, इथे आपण काय म्हटलं असतं ते विचार. तूच मेसेजमध्ये काय म्हणालीस आठवतंय? ‘अर्थच लागत नाही’. बघ, इथेही लागणेच आहे, आणि ते वापरताना तू क्षणभरही अडखळली नाहीस.

ती जुनी गोष्ट मी एकाच माणसाला सांगितलीय असं म्हटलं ना, त्या आमच्या सीनियर मॅडम. मी कंपनी सोडली त्या दिवशी चहाच्या टपरीवर सांगितलं, की मॅडम, ते चुकून क्लिक नव्हतं, मला तुमचं वाक्यच कळलं नव्हतं. त्या दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अरे, मी यवतमाळची. मी पहिल्यांदा ऐकलं होतं तेव्हा मलासुद्धा गुगल करावं लागलं होतं. मराठीत लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं माझं?” चहाचे पैसे त्यांनीच दिले.

आणि तामिळ मित्राचं राहिलंच. तो अजून पुण्यातच आहे, मराठी आता माझ्याहून चांगलं बोलतो. गेल्या महिन्यात कोकणात निघाला होता. सकाळी सहाला स्वारगेटवरून त्याचा मेसेज, ‘गाडी लागली’. मी लिहिलं, बरं, सांभाळून जा. दुपारी वरंधा घाट ओलांडल्यावर पुन्हा मेसेज, तोच, ‘गाडी लागली’. मी लिहिलं, लिंबू हुंग.

चला, भेटू पुढच्या भागात. तुम्हाला दगा दिलेला एखादा छोटा शब्द असेल तर मला व्हॉइस मेसेज करा, नाव न सांगता केलात तरी चालेल.